एकोणिसाव्या पानावरची फुली

अमेरिकेतल्या ड्युलुथ गावच्या वाचनालयात रांगेत उभी होते, बाळ खांद्यावर नुकतंच झोपलेलं. पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी होत्या, आर्लिस आणि धाकटी व्हर्ना.

"ताई, पुन्हा खुनाचंच पुस्तक?"

"मग तुझ्या त्या शहरातल्या चेटकिणींच्या कादंबऱ्या वाचू? बसने हिंडतात मेल्या! रहस्यकथेत निदान शेवटी उलगडा तरी होतो."

"पण हे वाचलंयस तू."

"छे! वाचून झालं की मी एकोणिसाव्या पानावर पेन्सिलीने फुली मारते. बघ उघडून."

व्हर्नाने पान उघडलं.

"काय गं? आहे फुली?"

"तीन आहेत, ताई."

"तीन?"

"खुनी कोण, आठवतंय?"

"नाही गं. व्हर्ना, माझ्या मुलाला, रॉयला, सांगू नकोस. गाडी चालवणं बंद करेल माझं."

"नाही सांगत. पण किल्ली दे. आज मी चालवते."