गुणाक्कानं दाखवलेली घरटी

बसा मंडळी, बसा. मागं ऐकू येतंय ना? माइक नको मला. माइक हातात आला की माणूस लांबण लावतो, आणि आज तेवढा दम न्हाय.

गुणाक्का जिनिव्हाला जाऊन आली, त्याला खर्च किती आला? विमानाचं भाडं बोलावणाऱ्यांनी भरलं, असं पेपरात आलं. खरंय. पण पासपोर्टच्या चौकशीला हवालदार पारधी वस्तीवर आला, तेव्हा सगळे गडी माळावर पळाले. सवयच ती. बिचारा नुसता सही घ्यायला आलता. एकटी अक्का थांबली. मागं राखायला कोणी न्हाय म्हणून शेळ्या विकल्या. आणि तिथल्या थंडीतून खोकला घेऊन आली. तो खोकला गेलाच नाही. परवा अक्काच गेली. हा खर्च कुणी धरला का?

मी ढाबेवाला माणूस. नळदुर्गला ताटं विसळत धंदा शिकलो. गल्ल्यावर बसायचं आणि कान उघडे ठेवायचे, एवढंच मला येतं. पवनचक्क्यांवाले माझ्याकडंच जेवायचे. येरमाळ्यामागचा, ही वस्ती आहे तो माळ त्यांना पाहिजे, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं आणि अक्काला सांगितलं.

ती म्हणाली, "माळ रिकामा कुठं हाय, शेठ? तित्तरं बसल्यात अंड्यावर."

पारध्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. अंड्यावरची मादी फाशात आली, तर सोडायची. घरात चूल पेटलेली नसली तरी सोडायची. पुढं पाखरं मोजायला एक साहेब आले. अक्कानं त्यांना झुडपाझुडपाशी नेऊन घरटी दाखवली. वाटलं, एवढं बघितल्यावर माळ वाचंल.

वाचला की. पवनचक्क्यांवाले गेले. माळ पाखरांसाठी राखीव झाला. आणि वस्तीला नोटीस आली. पाखरांना तुमचा त्रास होतो, जागा खाली करा.

नोटीस मीच वाचून दाखवली. अक्का म्हणाली, "कुठल्या पाखरानं तक्रार केली वो?"

मंडळी, घरटी दाखवली ही तिची चूक झाली का? मला अजून सांगता येत नाही.

मग वकीलबाई आल्या. म्हणाल्या, जगातल्या देशांनी मिळून एक जाहीरनामा केलाय. मूळच्या लोकांना विचारल्याशिवाय, त्यांनी हो म्हटल्याशिवाय, त्यांच्या जमिनीवरून उठवायचं नाही. आपल्या देशानंही त्याच्या बाजूनं मत दिलंय.

"आमचं नाव हाय का त्यात?" अक्कानं विचारलं.

वकीलबाई खरं बोलल्या. नाव नाही. आपलं सरकार म्हणतं, इथले सगळेच मूळचे. कोर्टात तो कागद दाखवता येईल, पण कोर्ट त्याला बांधलेलं नाही.

"मग आमी हाव म्हणून जाऊन सांगाय पायजे," अक्का म्हणाली.

आणि गेली जिनिव्हाला, या देशांची बैठक भरते तिथं. परत आल्यावर मी विचारलं, ऐकलं का त्यांनी? म्हणाली, "कानाला यंत्र लावून ऐकलं. लई शांत माणसं. तसलं एक यंत्र आपल्या तहसिलीत बसवा की."

तिचा सत्कार माझ्याच ढाब्यावर झाला. तेवढ्यात नोटिशीला कोर्टाची स्थगितीही मिळालेली. मला जोर चढला. मी म्हणालो, आता जगाचा कायदा पाठीशी आहे, गुणाक्काला माळावरून कोणी हलवू शकत नाही. तुम्ही टाळ्या वाजवल्या. अक्का खोकत होती.

आता तिच्या सुनेनं दाव्यात नाव लावलंय. निकाल नाही. वस्ती आज आहे, उद्याचं कोण सांगणार? पुढच्या तारखेला जीपमध्ये जागा आहे, या. मागच्या वेळी जीप अर्धी रिकामी गेली. दमलोय, मलाही कळतं.

उठा आता. घटकाभर गप उभं राहू. तोंड इकडं ढाब्याच्या मागच्या अंगाला करा. राखीव माळावर खड्डा खणायची परवानगी मिळाली नाही. अक्काला इथं पुरलंय.