ड्युटी संपली, घरी जा

अवं, ड्युटीचे तास कमी करा म्हणून नारे देणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज माया सोताचा होता! इंटर्नशिपमधली गोष्ट. संप केला, जिंकलो, बारा तासांचीच ड्युटी मंजूर झाली. अन् पहिल्याच दिवशी, मायी ड्युटी संपली तशी कुही गावची एक बाई बाळंतपणाले आली. बाळ पायाळू! पायाळू बाळंतपण मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यानं कधीच पाह्यलं नव्हतं. धावली मी लेबर रूमकडे! दारातच आमचे सर उभे.

"ड्युटी संपली, घरी जा."

"सर, नुसतं पाहू द्या ना!"

"नारे कोण देत होतं? नियम म्हणजे नियम."

रडकुंडीले येऊन मी अ‍ॅप्रन काढला अन् बाहेर बाकावर त्या बाईच्या मायजवळ बसली.

"काहून रडून राहिली वं?" तिनं विचारलं. मी सारं सांगून टाकलं. म्हातारी ताडकन उठली, माया हात धरून मले थेट सरांपुढं नेलं.

"डाक्टरसाहेब, मायी पोरगी लय भेते. घरचं कोणी जवळ पायजे. हे तिची बहीण होय, हिले आत घ्या!"

सरांनी मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. मी मान खाली घातली. मंग ते आत वळून ओरडले,

"सिस्टर, पेशंटच्या बहिणीला ग्लोव्हज द्या!"