मुलुंडच्या पुढे

राहू द्या, अप्पा. ते बूट तिथेच राहू द्या.

फोटोजवळ, समईजवळ बूट ठेवत नाहीत, मला माहीत आहे. तुम्ही सोसायटीतले वडीलधारे, तुम्हाला ते खटकणारच. पण ते मालतीवहिनींनी स्वतः ठेवलेत. आणि जरा जवळून बघा. तळ अजून पांढरे आहेत. त्यांनी रस्ता पाहिलेला नाही.

बसा, अप्पा.

मंडळी, तुम्ही सगळे आलात. सोसायटीतले, सुधाकरच्या कारखान्यातले, नॅशनल पार्कात पहाटे धावणारे. मला बोलायला सांगितलंय, कारण मी मास्तर. पण एरवी मी बोलायला लागलो की सुधाकर मागून ओरडायचा, "मास्तर, तास संपला!" आज तसं कुणी ओरडणार नाही. त्यामुळे कुठे थांबायचं ते मला कळणार नाही. सांभाळून घ्या.

सुधाकर गेला तो कामावर. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि बसल्या जागी कलंडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दिवसापासून जिन्यात, नाक्यावर एकच ऐकतोय. धावून धावून गेला. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांना नक्की सांगता आलं नाही. मलाही सांगता येणार नाही. पण ज्यांना नक्की माहीत आहे, त्यांनी ते वहिनींसमोर बोलू नये.

सुधाकरने मॅरेथॉन पुऱ्या केल्या होत्या. मुंबईत, पुण्यात. कॅनव्हासचे बूट घालून. त्याचा नंबर कधी आला नाही. एकदा पार्कातून परत आल्यावर त्याच्या घरी मला म्हणाला, "मास्तर, बेचाळीस किलोमीटर म्हणजे शेवट नाही रे. परदेशात त्याच्या पुढे पळतात. त्याला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात."

मी म्हटलं, "पुढे म्हणजे किती?"

"कितीही. जमेल तितकं."

मालतीवहिनी चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "पण मागे कोण लागलंय तुमच्या?"

तो हसला. पण त्याने ठरवलं होतं. इथे तसली शर्यत नव्हती. मग त्याने स्वतःच रस्ता काढला. बोरीवलीहून निघायचं, घोडबंदरवरून ठाणे, ठाण्याहून मुलुंड, घाटकोपर, तिथून वळून अंधेरी, आणि परत बोरीवली. म्हणजे आपल्या पार्काच्या सगळ्या डोंगराला एक वेढा. डोंगर सतत उजव्या हाताला. वहिनी म्हणाल्या, "ही तर प्रदक्षिणा झाली." तेव्हापासून आम्ही तिला प्रदक्षिणाच म्हणायला लागलो.

मुलुंडला त्याची मोठी बहीण. शालूताई. त्या तिथे बसल्यात, खिडकीपाशी. बोरीवलीहून ताईंच्या दारापर्यंत जवळजवळ एक मॅरेथॉन होते. तिथवरचं त्याला माहीत होतं. त्याच्या पुढचं सगळं नवीन. म्हणून ठरलं, ताईंकडे थांबायचं नाही. दारातच उभ्याने पेज प्यायची आणि निघायचं.

पुढे काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सुधाकरनेच सांगितलंय. लग्नात सांगितलं, गणपतीत सांगितलं, कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितलं. तो दारात पोचला. ताई म्हणाल्या, "खंय चललंस? आधी बस." पाट मांडला होता. घावणे, नारळाचा रस, वर उसळ. तो म्हणाला, "अगं ताई, पेज दे फक्त." ताई म्हणाल्या, "भाऊ इतक्या लांबून धावत आला आणि उभ्याने पाठवू? आमच्या घरात उभ्याने कुणाला वाढत नाहीत." तो बसला. जेवला. आणि उठलाच नाही. मग शेजारच्यांच्या फोनवरून वहिनींना निरोप, "ताईच्या घावण्यांनी वाट लावली. झोपतोय." प्रत्येक वेळी आपण सगळे हसलो. ताईही हसल्या.

मंडळी, आज सकाळी ताई हे बूट घेऊन माझ्याकडे आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मास्तर, मी त्याला त्या दिवशी जाऊ दिलं असतं तर एकदा तरी पुरी झाली असती ना त्याची प्रदक्षिणा?"

उत्तर माझ्याकडे होतं. पण सुधाकरने माझ्याकडून शब्द घेतला होता, कुणाला बोलायचं नाही. आज तो शब्द मी मोडतो आहे. सुधाकर, माफ कर.

ताई, ऐका. तुम्ही त्याला अडवलं नाही.

त्या दिवशी मी सायकलवर त्याच्याबरोबर होतो. पाणी, मीठ, साखर माझ्याकडे. घोडबंदरला ऊन चढलं. ठाण्यापर्यंत तो बोलत होता. ठाण्यानंतर गप्प झाला. तुमच्या इमारतीखाली पोचलो तेव्हा त्याचे पाय बुटात मावत नव्हते. नाड्या सोडल्या, तरी मावेनात. तुमचा दुसरा मजला. तो कठड्याला धरून एकेक पायरी चढला. मधल्या वळणावर बसला. म्हणाला, "मास्तर, माझं संपलं. पुढे नाही जमायचं."

मी म्हटलं, "वर चल. बघू."

तो म्हणाला, "ताईला कळू देऊ नकोस. कुणालाच नको."

मग त्याने तोंड पुसलं. केस नीट केले. आणि तुमची बेल वाजवली. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, बस. ताई, त्याचा चेहरा मी बाजूने पाहिला. त्याला त्या क्षणी दुसरं काहीच नको होतं. कुणीतरी बस म्हणावं, एवढंच हवं होतं. तो पेज मागत राहिला, कारण मागायला हवी होती.

घावण्यांची गोष्ट त्याने रचली. माणूस हरतो तेव्हा काहीतरी सांगावं लागतं. त्याने तुमचं नाव पुढे केलं. हक्काने केलं. बहिणीच्या नावावर भाऊ एवढं खपवतो. तुम्ही ते खरं धराल आणि तो नसताना उराशी घेऊन बसाल, हे त्याला कसं सुचणार?

आता हे बूट. तुम्ही म्हणालात, दिवाळीला आला आणि तुमच्याकडे ठेवून गेला, का ते सांगितलं नाही. मी सांगतो. हे त्याच्या मापाचे नाहीत. एक नंबर मोठे आहेत. सुजलेल्या पायांसाठी आहेत. थंडीत तो पुन्हा निघणार होता. मुलुंडला बूट बदलायचे आणि पुढे जायचं. तुमच्यामुळे अडला असता तर त्याने थांबा बदलला असता. ठाण्यात त्याचा मित्र राहतो. त्याने थांबा बदलला नाही. तुमचंच दार ठेवलं.

तो पोचला असता का? मला माहीत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणणार नाही. कदाचित पुन्हा त्याच वळणावर बसला असता. पण त्याला जायचं होतं. एवढं मला नक्की माहीत आहे.

उद्या रविवार. आमच्यातले चौघे मुलुंडहून निघणार आहेत. ताईंच्या दारातून, घाटकोपर, अंधेरी, इथवर. मी सायकलवर. मुलुंडपर्यंतचा रस्ता त्याने केलेला आहे, तो पुन्हा करायचा नाही.

ताई, आम्हाला पेज लागेल. कशी वाढायची ते तुम्ही ठरवा.

माझा तास संपला.

आता आपण थोडा वेळ गप्प राहू. उभं राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच. तो काही म्हणणार नाही. तोही बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलुंडला पोचलो तेव्हा शालूताई पायरीवर उभ्या होत्या. खाली, इमारतीच्या दारात. हातात पेजेचं पातेलं आणि पेले. त्यांनी प्रत्येकाला उभ्याने पेज दिली. बसा म्हणाल्या नाहीत. पेले परत घेतले आणि आत गेल्या. आम्ही घाटकोपरच्या बाजूला निघालो.