पाय लागला तर

(न्यूझीलंडमधलं जॉन्सनव्हिल, २००६. शाळेसमोर उभ्या गाडीत शाळेची लायब्ररियन सुनेत्रा, तिचा नवरा शिरीष आणि मागे त्यांची दहा वर्षांची सिद्धी.)

शिरीष : आधी बेल्ट लाव. कचऱ्याच्या डब्यात चढलीस म्हणजे काय?

सुनेत्रा : डबा नव्हे, स्किप, ट्रकवरून नेतात तो मोठा लोखंडी हौद. केअरटेकर लायब्ररीतली पुस्तकं पायानं दाबत होता, जागा व्हावी म्हणून. मला बघवेना. काढायला चढले, तर माझाच पाय पडला. मग काय, हात लावून कपाळाला लावला.

सिद्धी : एकेका पुस्तकाला, बाबा. होल क्लास बघत होता. सो एम्बॅरसिंग.

सुनेत्रा : तू गप्प बस गं. शिरीष, खिडकी उघड, गुदमरतंय.

शिरीष : बाहेर वारा बघ किती आहे. प्रिन्सिपल काय म्हणाली?

सुनेत्रा : कपाटं गेली, आता कॉम्प्युटर सांभाळ म्हणाली, नाहीतर टर्म संपली की बाय बाय. दारावर आयसीटी रूमची पाटीसुद्धा लागली. उद्या उत्तर हवंय. मी नाही म्हणणार आहे.

शिरीष : वेडी आहेस का? मी शिकवतो. एका वीकेंडचं काम.

सुनेत्रा : तुला सगळंच वीकेंडचं काम. अरे, पोरगं दारात आलं की तोंडाकडे बघून मी पुस्तक काढून द्यायचे. आता ते स्क्रीनकडे बघणार आणि मी त्याच्या पाठीकडे. भीती वाटते रे. माझी गरजच उरणार नाही.

शिरीष : आणि स्क्रीनवरचं खरं काय, खोटं काय, ते कोण सांगणार? मी? माझ्याशी आपली पोरगीसुद्धा धड बोलत नाही.

सुनेत्रा : काढ गाडी. नको, थांब. चष्मा आत राहिला.

सिद्धी : डोक्यावर आहे, आई.

सुनेत्रा : हं.

सिद्धी : एक सांगू? ओरडू नकोस. आयसीटी रूममध्ये नवे कीबोर्ड अजून जमिनीवरच ठेवलेत ना? लंचनंतर माझ्या क्लासमधल्या अरोहाचा पाय लागला एकाला.

सुनेत्रा : मोडला?

सिद्धी : नो. तिनं हात लावला, मग कपाळाला. लाइक यू.

सुनेत्रा : हसले असतील सगळे.

सिद्धी : कोणीच नाही. टीचरनं विचारलं, हे काय? ती म्हणाली, लायब्ररीत असंच करतात.

सुनेत्रा : लायब्ररीत म्हणाली?

सिद्धी : हो. मग काय म्हणणार?

सुनेत्रा : शिरीष, चल, निघू या. आणि या वीकेंडला कुणाकडे जायचं ठरवू नकोस.