दुपट्ट्याखालचा हात

...आन वरतून लोकं मलेच म्हनतात, देवमनभाऊ, तुमची तं मज्जा हाय, आमचा हात जसा हाय तसा, तुमाले निवडाले भेटून राह्यला! मज्जा? मंग घ्या ना तुमीच! घाला कडबा कापाच्या मशीनीत मनगट, जसं म्या घातलं, आन मंग या माह्या बाजूले बसून मज्जा कराले! दोन वर्सं झाले उजवा हात जाऊन, कोपराखाली चार बोटं लांब तुकडा उरला, आन तवापासून जो येते थो एक हात सुचवून जाते. कोनी म्हनते बॅटरीचा बसवा, कोनी म्हनते आता मेलेल्या मानसाचा जिताजागता हात शिवून देतात, थोच घ्या. सांगा बा राजेहो, कोनता हात घ्यावं मानसानं?

नाही, तुमाले वाटन, हात म्हनजे हात, जेवाले झाला, आंग धुवाले झाला, विहारात वंदनेले जोडाले झाला, बस. पन माहा धंदा तुमाले मालूम नाही! मी परतवाड्याच्या बैलबाजारातला दलाल. तीस वर्सं. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढाचा, गिऱ्हाइकाचा हात हातात घ्याचा, वरून दुपट्टा टाकाचा, आन आत बोटं धराचे. एक बोट धरलं, दहा हजार. दोन धरले, वीस. अख्खा पंजा धरला, पन्नास. चारी बाजूनं शंभर लोकं उभे, पन काय चालून राह्यलं ते दोघायशिवाय कोनाले कळत नाही. आन तोंड बंद! सौदा चालू असताना जो पहिले तोंड उघडन, त्याचा भाव गेला.

आता यात खरी गंमत बोटं धराची नाहीच. समोरच्याचं बोट थरथरलं ना, की समजाचं, याचा जीव बैलावर बसला, हा अजून वर येईन. तळवा घामेजला की समजाचं, याच्या खिशात तेवढे नाहीत, उगाच तानू नये. हे सारं मले या हातानं सांगतलं तीस वर्सं... म्हंजे त्या हातानं. आता तुमी इचारान, डावा हाय ना? हाय! पन डाव्या हातानं सौदा? बाजारात कोनी उभं करन काय मले? एका म्हाताऱ्यानं तं डावा पुढे केल्यावर असा मांगं सरकला, जसा मी त्याले शिळं वाढून राह्यलो!

तं माहा पुतन्या धर्मेंद्र. अमरावतीले कॉलेजात हाय, दिवसभर मोबाईल पाह्यते. थो आला नाचत, "काका, काका, हात बदलून भेटते!" म्हनलं बह्याडा, बदलून द्याले तो काय कुकर हाय? पन गेलो बा. बडनेऱ्याहून गाडी धरली, मी, केशर आन धर्मेंद्र, दूरच्या शहरातला मोठा दवाखाना. केशर म्हंजे माही घरवाली, केशरबाई. गाडीत बसल्यापासून तिचं एकच. "अहो, थो हात कोनाचा असन हो? त्याले दुसऱ्याच्या बायकोची सवय असन, मले वळखन काय थो?"

तिथची डॉक्टरीणबाई लय सज्जन. सारं समजावून सांगतलं. ज्याचा मेंदू मेला, पन बाकी शरीर यंत्रावर चालू हाय, त्याच्या घरच्यायनं हो म्हनलं तरच हात भेटते. रंग पाहतात, माप पाहतात, रक्त पाहतात, मंग हाडाले हाड, नसेले नस. म्या इचारलं, "बाई, बोटाले कळन काय? समोरच्याचं बोट थरथरलं तं?" ते म्हने, "कळेल बहुतेक, पण वेळ लागेल, नस दिवसाला एखादाच मिलिमीटर पुढे सरकते." म्हनलं, म्हंजे धारणीच्या घाटातली एसटी! हासली बिचारी. खरं सांगतो, मले तवा त्या मायचं आलं मनात, जे पोराचा हात देईन. डोळे देनं, किडनी देनं येगळं, ते आत जाते, दिसत नाही. हात तं थोच, जो तिनं धरून पोराले चालवलं. कोनी देत असन तं त्याचे पाय धरावं मानसानं.

पन म्या म्हनलं, चालते बाई, थांबीन मी, एसटी यीन तवा यीन. तवा डॉक्टरीणबाई म्हनते, "औषधं मात्र जन्मभर. शरीर त्या हाताला परका समजतं, त्याला गप्प बसवावं लागतं. त्यामुळे जंतूंपासून फार जपायचं. धूळ, शेण, जनावरं यांपासून दूर राहायचं." म्या दोनदा इचारलं. जनावरं म्हंजे? ते म्हने, "म्हणजे गाई, बैल, सगळेच." आता घ्या! हात कळता भेटन, पन त्यानं बाजारात जाता येनार नाही! मंग त्या हातानं काय घरी बसून केशरसंग बैलाचा सौदा करू? वरून बाई असंही म्हने, "तुमचा एक हात चांगला आहे, एका हातासाठी जन्मभर एवढी औषधं घ्यावीत असं मी म्हणणार नाही." वापस आलो. रस्त्यात केशरनं तेवढा डबा उघडला.

मंग बॅटरीचा. अमरावतीच्या एका संस्थेनं बसवून देल्ला. त्यायचा अनुप नावाचा पोरगा, त्यानं शिकवलं, "दादा, कोपराखालचं मास आवळलं की पंजा मिटते, ढिलं सोडलं की उघडते." शेन लागो, धूळ लागो, पुसून घ्याचा. बाजारात जाते, पन त्याले कळत काहीच नाही! जो हात समजते थो बाजारात जात नाही, जो बाजारात जाते त्याले समजत नाही. सांगा बा, कोनता हात घ्यावं मानसानं?

पन जे हाय ते हाय. म्हनलं सराव करू. रोज दुपारी अंगनात खाट टाकाची, मी इकडे, केशर तिकडे गिऱ्हाईक बनून, मधात दुपट्टा. आता खरं म्हंजे बोटायची भाषा घरी सांगाची नसते. माह्या उस्तादानं धंदा शिकवताना तशी शपथ घ्याले लावल्ती. पन करतो काय? "हे दोन धरले, किती?" "वीस." "हे?" "तीस. आन तुमचा हात चुकून राह्यला, अंगठा सोडा!" दीड महिना. हाताले चार बोटं धराले जमले कसेबसे, म्हनलं चला.

बाजाराचा दिवस. नितेश म्हनून मेळघाटाकडचा पोरगा, त्याची जोडी इकाची. घेनारा तिवस्याचा चंद्रभानभाऊ, माहा जुना गिऱ्हाईक. टाकला दुपट्टा. मले धराचे होते चार बोटं, चाळीस. तेवढ्यात कडब्याचा भुसा गेला नाकात आन अशी शिंक आली मले... सारं मास आवळलं, आन त्या हातानं धरला ना चंद्रभानचा अख्खा पंजा! आन तिथंच बॅटरी खलास! रात्री त्याच्या चार्जिंगची पिन काढून म्या मोबाईल लावल्ता, दोष कोनाले देऊ? हात उघडेचना!

आता चंद्रभान पक्का बाजारी मानूस. त्याले वाटे मी पन्नासवर अडून बसलो, दाबून राह्यलो. त्याचं तोंड लाल, डोळ्यात पानी, पन तोंड उघडत नाही, कावून का उघडलं की भाव गेला! आन मीही उघडत नाही, तीस वर्सायची सवय! पाच मिनिटं झाले. धा झाले. आता आमच्या बाजारात सौद्याले टाइम लागला म्हंजे माल भारी, असा कायदाच हाय. लोकं जमा झाले ना! "काय जोडी हाय बापा! अजून सौदा पक्का होऊन नाही राह्यला!" पल्याडच्या लाइनीतून मानसं धावत आले. तिकडून नितेश कानात, "काका, साठच्या खाली सोडू नका!" शेवटी चंद्रभान वरडला, "देवमन, पन्नास घे, पाया पडतो तुह्या, पन हात सोड!" म्हनलं भाऊ, मलेच सोडता येत नाही!

पट्टे काढून मी मोकळा झालो, पन पंजा त्याच्याच हाताले लटकून! तसाच गेला थो चहाच्या टपरीवर, एक हात त्याचा, त्याले धरून एक माहा. अनुपले फोन लावला, त्यानं सांगतलं कुठं दाबाचं, तवा सुटला. जोडी चंद्रभाननं घेतली नाही. बरोबर हाय त्याचं.

त्यानंतर तीन बाजार मले कोनी हात देल्ला नाही. नमस्कार करत, आन निंगून जात. मशीनीत हात गेला तवा मी रडलो नाही राजेहो, लोकायनं उचलून नेलं तरी नाही. त्या निंबाखाली बसून रडलो. तुमाले सांगाले काय लाज?

चवथ्या बाजारी केशर संग आली, म्हने एकट्याले सोडत नाही. तेवढ्यात चंद्रभान आला. म्हने, "देवमन, जोडी तुह्याच नजरेनं घेईन, पन तुले हात देनार नाही." म्या मान खाली घातली. केशरनं डबा खाली ठेवला, पदराले हात पुसला, आन पुढे केला. "माहा घ्या." चंद्रभान दचकला, "वहिनी, बाईमानसाच्या हातात हात कसा घालू?" ते म्हने, "माहा समजू नका, ह्याइचा समजा."

माह्याच खांद्यावरचा दुपट्टा वढला तिनं. तीस वर्सात पहिल्यांदा मी दुपट्ट्याच्या बाहेर उभा, आन मले काही कळेना! दोन मिनिटात चंद्रभान हासला, सौदा पक्का. म्या इचारलं, केवढ्यात? दोघंही एकाच वक्ती म्हनतात, "दुपट्ट्याखालचं बाहेर सांगत नसतात!"

आता बाजारात उतरलो की मले राम राम नाही, जय भीम नाही, पहिले "वहिनी आल्या काय?" केशर म्हनते, तुमच्यापेक्षा जास्त कळते मले, चंद्रभानभाऊनं खोटा भाव धरला की करंगळी आकसतात. तीस वर्सात मले नाही कळलं हे! धर्मेंद्र अजून नवे हात दाखवते मोबाईलवर, हा पाहा काका, यात बोटाले समजते. म्हनलं राहू दे बापा. बैल पाहाले डोळे लागतात, ते हायेत. बाकी सौदा केशर आन गिऱ्हाईक करतात, आन बाजारात वारा लय, दुपट्टा उडते, थो धरून उभा राह्यतो मी... त्याले एकच हात लागते.