घाटातली डबल बेल

ऐका. पण आधी त्या गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाच्या पाचटाच्या दोन पेंढ्या सारा. गोष्ट मी अंधारात बी सांगेन, मला काय त्याचं! पण तुमची तोंडं मला दिसली पाहिजेत. कोण भ्यालंय आणि कोण भ्यालेलं लपवतंय, ते बघण्यातच खरी मजा. ए गुणाजी, हसतोस काय? सगळ्यांच्या आधी तूच घराकडं पळशील.

हां. तर हा समोर वाफ्यात निवतोय ना गूळ, असाच गूळ ट्रकमध्ये भरून हिंदुराव शेवाळे दिवस मावळल्यावर कोकणात निघाला.

हिंदुराव म्हंजे यष्टीचा डायव्हर. म्हंजे होता. अठरा वर्षं यष्टी चालवली, कोंबडीला कधी धक्का लावला न्हाई. अंगावर खाकी, महिन्याला पगार, गावोगावी पोरं हात करणार. सोन्यासारखी नोकरी! आणि एक दिवस हा गडी डेपोत गेला आणि राजीनामा ठेवून आला.

का? तर घंटीपायी!

बघा, यष्टीत डायव्हरच्या डोक्यावर घंटी असते आणि तिची दोरी मागं कंडक्टरच्या हातात असते. त्या कंडक्टरला यष्टीतली माणसं मास्तर म्हणतात. मास्तरनं एक घंटी मारली की थांब. दोन मारल्या की चल, तीच डबल बेल. गाडी मागं घेताना मास्तर मागच्या टोकाला उभा राहून दोन-दोन मारत राहतो, म्हंजे येऊ दे, येऊ दे. एक वाजली की जागच्या जागी ब्रेक. डायव्हरनं विचारायचं न्हाई, वळून बघायचं न्हाई. हिंदुरावाच्या पायाला त्याची इतकी सवय लागलेली, की सासुरवाडीला आरतीत कुणी घंटा हलवली आणि ह्याचा उजवा पाय खाली दाबला गेला. उभ्या उभ्या! सगळं देऊळ हसलं. तेवढ्यानं गडी पेटला. म्हणाला, "जन्मभर दुसऱ्याच्या दोरीवर नाचलो. आता गाडी माझी. थांबायचं कवा आन् निघायचं कवा, ते मी ठरवीन."

फंड आला तो सगळा एका जुन्या ट्रकात घातला. बायको, शालन तिचं नाव, लई भांडली. "सुखाचा जीव दुःखात घालताय," म्हणाली. ह्यानं ऐकलं न्हाई. पहिल्या खेपेला मेव्हणा किन्नर म्हणून, म्हंजे गाडीवर हाताखाली, यायचा होता. त्यानं आयत्या वेळी पोट दुखायचं सोंग काढलं. गूळ भरलेला, गाडी दारात उभी. मग शालननंच पदर खोचला. "चला. मी येते."

हसू नका रे. तुमच्यातला एक तरी रात्रीचा घाटात खाली उतरून गाडीमागं उभा राहील का?

निघताना ह्यानं तिला शिकवलं. "गाडी मागं घेताना तू मागं उभी राहा. मागच्या फाळक्याच्या फळीवर हातानं थाप मार. दोन थापा म्हंजे येऊ दे. एक थाप म्हंजे थांब."

शालन म्हणाली, "म्हंजे परत तेच की! घंटी गेली आन् थाप आली."

"तसं न्हवं. ती परक्याची घंटी. ही माझ्या माणसाची थाप," हा म्हणाला. किती गोड बोलतात बघा पुरुष, गाडी जाग्यावर उभी असते तवर.

तर निघाले. नवा मोठा रस्ता सोडून ह्यानं कुसळीचा जुना घाट धरला. का, तर ह्याच घाटानं यष्टी नेलेली. वळण न् वळण पाठ. घाटाच्या तोंडाला एक चहाची टपरी होती. टपरीवाला म्हातारा कंदील घेऊन पुढं आला. ट्रककडं न्हाई बघितलं त्यानं, हिंदुरावाच्या खाकी पँटीकडं बघितलं.

"पाव्हणं, यष्टीत होता का?"

"होतो. आता मालक हाय."

"मग नव्या रस्त्यानं जावा. ट्रकवाल्यांना ह्या घाटात काय होत न्हाई. यष्टीवाल्यांनी मास्तरशिवाय जाऊ नये."

आणि म्हाताऱ्यानं सांगितलं. मागं एकदा धुक्यात यष्टी अडकली. वळणावर गाडी मागं घ्यायची होती आणि घंटीची दोरी तुटलेली. मग मास्तर खाली उतरला, कड्याला पाठ लावून उभा राहिला, हातानं पत्रा बडवायला लागला. डायव्हरचा कान घंटीकडं. घंटी काय वाजेना. गाडी येत राहिली. मास्तर पत्रा बडवत राहिला आणि गाडीनं त्याला कड्याला चिरडला. तवापासनं तो घंटी देतो. गाडीत जिवंत मास्तर असला की गप असतो. दोरी मोकळी दिसली की धरतो.

हिंदुराव खदखदून हसला. "आवो, त्या घंटीला कंटाळूनच नोकरी सोडली. आता मेलेल्याची ऐकू व्हय?" आणि चहाचा कप ठेवून गाडी काढली.

घाट लागला. दोन्ही अंगाला रान. एकीकडं कडा, एकीकडं दरी. शालन खिडकीला टेकून बसलेली. आणि तेवढ्यात...

टण!

खच्चकन गाडी थांबली. शालनचं कपाळ काचेवर आपटलं.

"आवो! काय झालं?"

"घंटी वाजली न्हवं?"

"कसली घंटी? ट्रकात घंटी कुठनं आली?"

हिंदुराव कसंनुसं हसला. म्हणाला, जुनी सवय. कानात बसलीय. पाय उचलायला गेला, पाय उचलेना.  मग टण टण, दोन वाजल्या आणि पाय आपोआप मोकळा झाला. गाडी चालायला लागली. शालन त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली.

दोन वळणं गेली. परत टण! परत खच्चकन ब्रेक. आणि ह्या वेळी काय सांगू, धडाडकन आवाज झाला. गाडीपुढं हातभर अंतरावर दरड येऊन पडली! पुढं गेले असते तर टपाचा चेंदामेंदा.  हिंदुराव मनातनं सुखावला. म्हणाला, "बघितलंस? वाचवलं आपल्याला. मास्तर हाय मागं, भला माणूस हाय."

हितंच फसला बघा. भूत आधी वाचवतं. फुकट वाचवतं. असलं फुकटचं कवा घेऊ नये.

दोघांनी उतरून दगड बाजूला लोटले. शालनला न घंटी ऐकू आली होती, न काही. ती म्हणाली, "माझं ऐका, माघारी फिरू." हा म्हणाला, "रुंदी कुठाय फिरवायला? गप बस. मागं मास्तर हाय."  मागं गुळाशिवाय कुणी न्हाई, हे तिला ठावं होतं.

मग घंटीनं चाळा बदलला. टण टण. टण टण. टण टण! चल, चल, चल! हिंदुरावाचा पाय खाली खाली जायला लागला. उतार, त्यात भरलेली गाडी. टायर कडेच्या खडीवरनं घसरतायत, दरीत दगड पडतायत. शालन किंचाळतेय, "आवो, हळू! आवो, मरतोय आपण!" तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं! त्याला कळलंबी न्हाई. त्याचं सगळं ध्यान डोक्यावर, जिथं घंटी न्हवतीच, तिथं. आणि एकदम टण. गाडी थांबली.

थांबली ती नेमकी कुठं? घाटातल्या सगळ्यात अरुंद वळणावर. यष्टीवाला मास्तर मेला त्याच वळणावर!

पुढचं चाक कठड्याला टेकलेलं, कठड्यापलीकडं दरी. एकदा मागं घेतल्याशिवाय गाडी वळायचीच न्हाई. मागं कडा. हिंदुराव म्हणाला, "शालन, उतर. मागं बघ."

शालन उतरली. रडत उतरली, पण उतरली. हातात बॅटरी. कड्याला पाठ लावून उभी राहिली आणि फाळक्यावर दोन थापा मारल्या. धप धप. येऊ दे.

आता नीट ऐका. कुणी मधी बोलू नका.

हिंदुरावानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. धप धप. येऊ दे. त्याच्या बरोबरीनं डोक्यावर घंटी. टण टण. येऊ दे. दोन्ही एकच सांगतायत. गाडी हळूहळू मागं. धप धप, टण टण. धप धप, टण टण. मग शालनच्या मागं जागा संपली. तिनं एकच थाप मारली. धप! थांब!

आणि घंटी वाजली, टण टण.

गाडी येत राहिली.

"आवो थांबा! आवो!" टण टण. "आवो, मी हाय मागं!" टण टण. आणि मग तिची जी किंकाळी उठली, ती ऐकून रानातली पाखरं उडाली म्हणे. फाळक्याखालची लोखंडी पट्टी आणि कडा, ह्यांच्या मधी तिचा उजवा पाय सापडला.

आणि तवा, बरोबर तवा, घंटीनं एकच टोल दिला. टण. थांब.

हिंदुरावाचा पाय ब्रेकवर रुतला. आता पुढं घ्यायची गाडी! पुढं घेतली तर ती सुटेल. पण पाय उचलेना! एक घंटी झालेली न्हवं? दुसऱ्या दोन वाजल्याशिवाय तो पाय कसा उचलेल? अठरा वर्षांत कवा उचलला होता? त्यानं दोन्ही हातांनी मांडी धरून ओढली. सीटखालची लोखंडी टॉमी काढून आपल्याच गुडघ्यावर हाणली. हाडाचा आवाज झाला, पाय जागचा हलला न्हाई. मागं शालन ओरडतेय, हा पुढं ओरडतोय. "मास्तर, डबल द्या! पाया पडतो, डबल बेल द्या!"

त्यानं आरशात बघितलं. मागच्या लाल दिव्यात शालनशेजारी एक माणूस उभा. खाकी कपडे. एक हात वर, दोरी धरल्यासारखा. मुठीत दोरी न्हाई. अंग पापडासारखं चपटं झालेलं, सदऱ्याची पुढची बटणं पाठीतनं बाहेर आलेली. तो शालनकडं बघत होता. शांतपणे. आपल्याला घाई न्हाई, असं.

मग शालनचं ओरडणं थांबलं. हिंदुरावाला वाटलं, गेली.

धप. धप.

दोन थापा! तशा हालात त्या बाईनं हात उचलला आणि फाळक्यावर दोन थापा मारल्या. चल. हिंदुरावाचा पाय सुटला! गेर टाकला, गाडी हिसडा देऊन पुढं आली, शालन मोकळी होऊन खाली पडली. आणि घंटी वेड्यासारखी वाजायला लागली, टण टण, टण टण, टण टण. पाय पुन्हा त्याच्या ताब्यात न्हाई. कठडा फुटला. पुढची चाकं हवेत गेली. हिंदुरावानं दार उघडून सगळं अंग बाहेर टाकलं आणि गूळ, फंड, मालकी, सगळं दरीत गेलं. खाली जाईस्तवर त्या गाडीतनं घंटी वाजत होती.

त्यानं शालनला पाठुंगळी घेतलं आणि चढाला लागला. फुटका गुडघा घेऊन! पाठीमागं, टण. पाय थांबले. भर रस्त्यात, बायको पाठीवर, रक्त गळतंय आणि हा खांबासारखा उभा. शालननं त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. धप धप. पाय चालले. परत टण. परत उभा. परत धप धप. असा सगळा घाट चढला तो. थापा हळू हळू होत गेल्या. शेवटी शेवटी तिला हात उचलवत न्हवता, नुसती बोटं टेकायची. टपरीच्या कंदिलाच्या उजेडात दोघं येऊन पडली, तवा कुठं घंटी थांबली.

वाचले. दोघं बी वाचले. शालनचा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

दवाखान्यात ती शुद्धीवर आली. हिंदुराव उशाशी बसलेला.  त्याला म्हणाली, "फाळक्यावरच्या शेवटच्या दोन थापा तुम्हाला ऐकू आल्या."

"आल्या गं."

"त्याच्या आधी मी एक मारली होती. थांबा म्हणून. ती ऐकू आली न्हवती का?"

हिंदुराव म्हणाला, "न्हाई गं. इंजिनाच्या आवाजात कुठली ऐकू येणार?"

तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

खोटं बोलला तो. ऐकू आली होती. थाप बी आली होती आणि तिची हाक बी आली होती, अगदी स्वच्छ. दोन्ही कानांवर पडलं आणि पायानं मेलेल्या मास्तरचं ऐकलं. आता तो बाजारात हमाली करतो आणि ती त्याच्या हातचं पाणी पिते, पण त्याच्या तोंडाकडं बघत न्हाई. घरात आपलं माणूस कायम, पण कायम गप. मरणापेक्षा वाईट हाय ते.

तर पोरांनो, कुसळीच्या त्या जुन्या घाटानं रात्रीचं जाऊ नका. कुणी कितीबी सांगितलं, वाट जवळची हाय म्हणून, तरी जाऊ नका. आणि जायचीच खाज असली तर एकटे जावा. आपलं माणूस गाडीमागं उभं करू नका.