लिंबाएवढं ऊन

नवस बोलले तेव्हा मला काय ठाऊक हो, की घरालासुद्धा परीक्षा असते, आणि तीसुद्धा हवेची! मी आपला देवापुढे पदर पसरला आणि म्हटलं, देवा, एकदा आमचं स्वतःचं घर होऊ दे, सकाळचं पहिलं ऊन तुझ्या पायाशी आणून ठेवीन. झालं, एवढंच बोलले. सोनं नाही कबूल केलं, चांदी नाही, ऊन कबूल केलं, कारण ऊन फुकट असतं असा माझा समज... फुकट! अहो, नव्या घरात ऊन शिरायचं म्हणजे त्याला परवानगी लागते, बांधकाम खात्याची! घर मागितलं होतं हो मी, थर्मास नव्हे!

तुम्हाला सांगते, सुरुवातच खिडकीपासून झाली. पूर्वेच्या भिंतीला देवाची फळी, तिच्यावर छान रुंद खिडकी, असं मी मनात कधीचं मांडून ठेवलेलं. नकाशा खात्यात गेला आणि खिडकीवर फुली मारून परत आला. का? तर म्हणे नव्या घरांना वीज वाचवायचा नियम लागलाय, भिंत एवढी असेल तर काच एवढीच, जास्त काच म्हणजे जास्त ऊन, जास्त ऊन म्हणजे घर तापणार, तापलं की तुम्ही यंत्र लावून गार करणार, की गेली वीज! मी म्हटलं, अहो साहेब, मी नाही गार करणार, मी घाम पुसेन! तर खात्याचा तो तपासनीस अगदी गोड आवाजात म्हणतो, "ताई, नियम तुमच्या घामासाठी नाहीये, विजेसाठी आहे." माणूस वाईट नव्हता हो. कपाळाला आठी नाही, आवाज चढवणं नाही... चिडायचीसुद्धा सोय ठेवली नाही मेल्याने! सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं हवावाला, कारण तो येईल तेव्हा हवेबद्दलच बोलायचा. हवा इथून जाईल, हवा तिथून येईल. अहो, जाईल आणि येईल, हवाच ती, तिला काय घरकोंबडी करून ठेवायचीय?

मग भिंती आल्या. एक भिंत पुरेना, दोन बांधायच्या आणि मधे गादी भरायची! खरी गादी, पिवळी, कापसासारखी, हात लावला की खाजणारी. गरम पाण्याच्या नळांना मोजे घातले, दाराच्या कडेला रबराची किनार लावली, छपराला दुलई पांघरली. सासूबाई काठी टेकत बघायला आल्या, भिंतीवर टकटक करून म्हणाल्या, "काय गं, थंडी वाजते का हिला? आता सगळ्या घराचं पांघरूण झालं असेल तर माझ्या गुडघ्यांना काही उरलंय का बघ." गवंडी खुदकन हसला. मला हसू कुठलं? घर मागितलं होतं हो मी, थर्मास नव्हे!

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर सोडून द्यायचं. कसं सोडणार? हवावाल्याने पास केल्याशिवाय वीज जोडत नाहीत, वीज नाही तर राहायला जाता येत नाही, आणि तोवर आमचे हे, सासूबाई आणि मी, तिघं जाऊबाईंच्या माडीवरच्या खोलीत. जाऊबाई मोठ्या गोड हो. सकाळी चहाचा कप हातात देता देता म्हणायच्या, "लेक येतेय माझी, तान्ह्या बाळाला घेऊन. तुम्ही राहा, अगदी राहा, मी कोण जा म्हणणारी? फक्त पाळणा कुठे टांगू तेवढं सांगा." आणि असं म्हणून बघायच्या कुठे, तर बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या आकड्याकडे! रोज! मी त्या आकड्याखाली झोपायची आणि मला स्वप्नात बाळ रडताना ऐकू यायचं.

तर आला एकदाचा परीक्षेचा दिवस. हवावाल्याने आमचं पुढचं दार सताड उघडलं, चौकटीत लाल कापड ताणून बसवलं, आणि त्या कापडाच्या पोटात हा एवढा पंखा! म्हणे, पंख्याने बाहेरची हवा घरात कोंबायची आणि ती कुठून पळते ते बघायचं. जी पळाली ती नापास. आपल्याच बॅटरीवर सुरू केला पंखा, आणि काय सांगू तुम्हाला... घर घुमायला लागलं! कानांना दडे बसले, दारं आपोआप आपटली, आणि भिंतीतून शीऽऽ करून शिट्टी. सासूबाई म्हणाल्या, "लागला दमा घराला, पाय ठेवायच्या आधीच!" आणि हवावाला पंख्याला जोडलेल्या यंत्रावरचा काटा बघून हळहळला, "ताई, गळतंय हो खूप. कुठून ते शोधायला धूर हवा होता, माझी धुराची नळी नेमकी संपलीय."

धूर? धुराला मी कमी आहे का! पिशवीतून उदबत्ती काढली, पेटवली, आणि निघाले पुढे. मागे हवावाला, त्याच्यामागे गवंडी, मग हे, मग सासूबाई. भिंतीभिंतीला ओवाळत चाललोय! देवाची एवढी प्रदक्षिणा मी कधी घातली नसेल.

पुढच्या खोलीत धूर वळला आणि सासूबाईंच्या पलंगासाठी ठेवलेल्या कोपऱ्यात गेला गुपचूप. बघतो तर भिंतीत सुबक भोक! सासूबाई छताकडे बघायला लागल्या. गवंडी म्हणाला, "आजींनीच सांगितलं ठेवायला. पडल्या पडल्या फाटक दिसलं पाहिजे म्हणाल्या." सासूबाई कडाडल्या, "मग? कोण आलं, कोण गेलं, कळायला नको?"

पुढे न्हाणीघर. तिथे तर धूर धावतच गेला वर, झरोक्याच्याही वर, आणि नाहीसा झाला! मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "वायर... वायरीसाठी असेल." गवंडी बिचारा खरं बोलणारा माणूस, म्हणाला, "वायरीसाठी नाही साहेब, तुमच्या सिगारेटसाठी." सिगारेट! जी यांनी देवाच्या पायावर हात ठेवून सोडली होती! मी उदबत्ती यांच्या नाकासमोर अशी नाचवली की धुराला दिशाच कळेना. मी म्हटलं, अहो, लाज कशी वाटली नाही, चोरून भिंतीला भोक पाडायला?

आणि बोलता बोलता आम्ही पोचलो देवाच्या फळीपाशी. आणि धूर... वळला हो. सरळ वर, फळीच्या डोक्यावर. लिंबाएवढं भोक होतं तिथे. खिडकी नाकारली म्हणून मीच गवंड्याला हळूच सांगितलं होतं, नवस होता ना! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेवटी सासूबाईंनी काठी आपटली. "वा! आमचं भोक ते पाप आणि हिचं ते पुण्य!"

सासूबाईंचं भोक बुजवलं, यांचं बुजवलं, तरी काटा पास होईना, थोडक्यात अडला. हवावाला म्हणाला, "ताई, एवढं एक बुजवलं की झालं." मी हात जोडले. म्हटलं, साहेब, नियमात देवासाठी काही नाही का हो? त्याने बिचाऱ्याने खरंच विचार केला. म्हणाला, "काच लावली तर चालेल, पण दुहेरी पाहिजे, हवाबंद. एवढुशी दुहेरी काच कुठे मिळणार?" इकडे देवाला दिलेला शब्द, तिकडे जाऊबाईंचा पाळणा... माझ्या डोळ्यांना धार लागली. सासूबाईंना पाझर फुटला असावा. पिशवीतून आपला जुना चष्मा काढला, जाडजूड भिंगांचा, दांडी मोडलेला, आणि गवंड्यापुढे धरला. "घे. दोन काचा आहेत. दुहेरी म्हणजे आणखी काय असतं?"

गवंड्याने एकावर एक भिंगं बसवली, कडेने काच बसवायची लांबी लेपली, पंखा लागला, काटा खाली आला... पास! हवावाल्याने स्वतः टाळ्या वाजवल्या! आम्ही दुसऱ्याच दिवशी सामान हलवलं, आणि मी आनंदाने रडले हो, इतकी रडले की जाऊबाईंनीसुद्धा डोळ्यांना पदर लावला. आकड्याला मात्र त्यांनी आमच्यादेखत दोरी बांधली.

पहिली सकाळ. आंघोळ करून मी देवापुढे बसले. ऊन आलं. दोन भिंगांतून आलं, बारीक, झळझळीत, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि टेकलं ते नेमकं देवाच्या पायाशी! मी डोळे मिटून हात जोडले, म्हटलं, फेडला नवस, देवा... आणि नाकाला वास आला. डोळे उघडते तर देवाचं वस्त्र जळतंय! पायापासून! भिंगाने कागद जळतो हे शाळेत शिकवलं होतं हो, पण देवासमोर शाळा कोण आठवतं? मी कलशातलं पाणी ओतलं. जाळ विझला, पण धूर? धूर जाणार कुठून? सगळी भोकं बुजवलेली! तो आपला फिरतोय घरभर, पाहुण्यासारखा, आणि नियमाने छताला लावलेली ती धूर हुंगणारी डबी बोंबलायला लागली, टींऽऽ टींऽऽ, हे टॉवेल गुंडाळून धावत आले, सासूबाई पलंगावरून ओरडतायत, "आलं कोण? अगं, आलंय कोण? मला दिसत नाहीये काही!"

त्याच दुपारी गवंड्याने ते भोकही बुजवलं. परत जायची सोय नाही, तिकडे पाळणा हलतोय. आता देवाला बारा महिने एकच हवामान, वर वीज वाचवणारा पांढरा दिवा, आणि बाहेर कोवळं ऊन भिंतीला टेकून बसलेलं असतं, मला माहीत असतं, गादीपलीकडे... घर मागितलं होतं हो मी, थर्मास नव्हे!

पण देवावर रुसून कसं चालेल? मी नवा नवस बोललेय, उपासांचा. उपासाला परवानगी लागत नाही, पंखा लावून तो कुणी तपासत नाही. तुम्हीही घर बांधणार असाल तर हात जोडून सांगते, नवस बोला, अगदी जरूर बोला, पण माझ्यासारखाच बोला. देवाला द्यायचं ते पोटातलं द्या हो, भिंतीतलं नको.